लाल खुणेची परात

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींत एक गोष्ट पोराटोरांनाही ठाऊक होती. सुवर्णामावशी उजागरेंकडे गाडी शिकायला गेलं की लायसन्स उशिरा मिळतं, पण प्रार्थना मात्र पहिल्याच दिवशी यायला लागते. यायला लागते म्हणजे काय, यावीच लागते! शनिवारी सकाळी सातला मॉलचं रिकामं पार्किंग, खोलीएवढी लांब जुनी ब्युक, शेजारच्या सीटवर मांडीत पर्स घट्ट धरून बसलेली मावशी, आणि तिच्या तोंडाचा पट्टा चालू. लेफ्ट टर्नला विश्वास लागतो, लेन बदलताना नम्रता लागते, मागचा हॉर्न मारत बसला तर त्याला क्षमा करायची. ब्रेक मात्र तुझा तूच मार, तेवढ्यासाठी प्रभूला हाक मारत बसू नकोस.

मावशी मूळची नगरची. वडील मिशनच्या शाळेत ड्रिल मास्तर, त्यामुळे आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. मिरजेला नर्सिंग केलं, लग्न केलं ते राहुरीच्या मोरेश्वर उजागरेंशी, आणि चौऱ्याहत्तर साली दोघं शिकागोला आली. तिनं एकतीस वर्षं हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळला, त्यांनी तितकीच वर्षं कारखान्यात लेथवर काढली. मुलगा सौमित्र ॲन आर्बरला कसलंसं संशोधन करत होता. कसलं, ते विचारायचं आईबापांनी केव्हाच सोडून दिलं होतं. मोरेश्वरकाका दिवसाला मोजून दहा-अकरा वाक्यं बोलत. उरलेली मावशी बोले.

तिचं धर्मशास्त्र एवढंसं होतं. प्रभू कसा वागला? तसं वागायचं. संपलं! त्यापुढं कुणी शब्दांचा कीस पाडायला लागलं की ती उठून भांडी घासायला जायची. तिच्या गाडीच्या डिकीत हिवाळाभर सहा जाड कोट पडलेले असत, कारण पुण्या-मुंबईहून येणारी माणसं पातळ स्वेटरवर ओहेअर विमानतळावर उतरतात आणि थंडीनं त्यांच्या तोंडचं पाणी पळतं, हे तिला पाठ होतं. बाळंतिणीला मटणाचं सूप पोचवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, कुणाची नोकरी गेली तर त्याला रोज संध्याकाळी जेवायला बोलवायचं आणि वर त्यालाच रागावायचं की तू आलास म्हणून बरं, भाजी वाया जात होती. या सगळ्यात कुणी मदतीला हात पुढं केला की मावशीचं वाक्य तयार. "बस तू, मी करते." मोरेश्वरकाकांनी तेहतीस वर्षांच्या संसारात एकदाही स्वतःच्या हातानं चहा केला नव्हता. त्यांना आवड नव्हती म्हणून नव्हे. गॅसपाशी पोचूच दिलं नव्हतं.

घराच्या तळघरात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मराठी उपासना व्हायची. एक्याऐंशी सालापासून, एकदाही न चुकता. पंचवीस-तीस माणसं, एक पेटी, आणि गाण्याची पहिली ओळ उचलायला मावशी. चर्चचे पाळकसाहेब शहरातून कधीमधी यायचे, एरवी सगळं तीच. खुर्च्या तीच मांडणार, बायबलमधलं वचन तीच वाचणार, पुऱ्याही तीच तळणार.

आणि वर्षातून एकदा, पवित्र आठवड्यातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, ती सगळ्यांचे पाय धुवायची.

आता हे प्रकरण नीट सांगायला हवं. प्रभूनं मरणाच्या आदल्या संध्याकाळी कमरेला रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले, आणि तुम्हीही एकमेकांशी असंच वागा म्हणून सांगितलं. जगभर कित्येक चर्चमधून त्याची आठवण करतात. पण मराठी माणसाचे पाय धुणं म्हणजे महाकर्मकठीण! आपल्याकडं धाकट्यानं थोरांच्या पाया पडायचं. थोरांनी धाकट्याच्या पायाला हात लावला की धाकट्याला पाप लागतं, त्याचं आयुष्य घटतं, पुढचं विचारूच नका. चार-चार पिढ्या ख्रिस्ती झालेल्या घरांतही हा धाक तसाच. धर्म बदलला, पाय तेच राहिले. त्यामुळं दर वर्षी मावशी स्टीलची मोठी परात घेऊन गुडघ्यांवर बसली की तळघरात एकच पळापळ. कुणी मोजे काढायलाच तयार नाही, कुणी टॉयलेटमध्ये कडी लावून बसलेलं, कुणी "मावशी, माझे घरून धुऊन आणलेत" म्हणून शपथा घेतंय. पाय धुवायला आलेल्या प्रभूला नको नको म्हणणारा तो शिष्य पेत्र नक्की आपल्या नगर जिल्ह्यातलाच असणार, असं मावशी म्हणायची, आणि पळणाऱ्याचा घोटा पकडायची. वॉर्डात एकतीस वर्षं काढलेली बाई. तिच्या पकडीतून घोटा सोडवणारा अजून जन्मला नव्हता. एकटा राजेश तेवढा, चाळिशीचा इंजिनियर, आपणहून पहिला येऊन बसायचा, डोळे मिटायचा, आणि "जरा टाचेला पण, मावशी" म्हणायचा.

परातीला नेलपॉलिशची लाल खूण होती, कणकेच्या परातीत घोटाळा होऊ नये म्हणून. तरी एका वर्षी कुणीतरी नेमक्या लाल खुणेच्या परातीतच पुऱ्यांचं पीठ मळलं. हे फक्त मावशीला कळलं, आणि तिनं तोंडातून ब्र काढला नाही. पुऱ्या फार छान झाल्या होत्या.

मावशीच्या पायांचं काय? ते कुणी धुवायचे? हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मावशीनं विचारू दिला नाही. शेवटचा पाय पुसून झाला की ती परात उचलून तरातरा वर जायची. त्यामागं एक गुपित होतं, आणि ते जगात एकट्या मोरेश्वरकाकांना माहीत होतं. तळपायाला नुसतं बोट लागलं तरी मावशीला अशा गुदगुल्या होत की तिचं भान सुटे. ती किंचाळे, लाथा झाडे, लहान पोरीसारखी खिंकाळे. जिच्या एका नजरेला अख्खी सभा टरकून असते त्या बाईनं चारचौघांत खिंकाळायचं म्हणजे काय शोभा!

नेत्रा आली दोन हजार दोनच्या जानेवारीत. नागपूरची मुलगी, नवरा निमिष इथं आयटीत, ही डिपेंडंट व्हिसावर. ओहेअरच्या दारातून ती बाहेर आली ती उघड्या चपलांत. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि हिची बोटं निळी पडायला लागलेली. मावशीनं तिथल्या तिथं बाकावर बसून आपले लोकरी मोजे काढले आणि हिच्या पायात घालायला वाकली. नेत्रानं विंचू चावल्यासारखे पाय मागं घेतले. मोजे तिनं घेतले, पण तोंड फिरवून, स्वतःच्या हातानं घातले. मावशीला पोरगी तेव्हाच आवडली. पायांतला जीव गेला तरी उपकार घेणार नाही असली जात तिच्या ओळखीची होती.

नेत्रा घरची ख्रिस्तीच होती, पण चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून आमेनसुद्धा मनात म्हणणाऱ्यांतली. चार माणसांत बोलायची वेळ आली की ती दुसऱ्या कुणाला पुढं करायची. मावशीनं तिला गाडीत घातलं. पार्किंगमध्ये, हॉस्पिटलच्या वॉर्डात, नव्या आलेल्यांच्या रिकाम्या घरांत, सगळीकडं बरोबर नेलं. शिकवणं असं काही नव्हतंच. मी करते ते बघ, एवढंच. ड्रायव्हिंग टेस्टला नेत्रा चार वेळा नापास झाली. पाचव्यांदा पास झाली, आणि घरी न जाता थेट ओहेअरला गेली, कारण पुण्याहून एक कुटुंब उतरणार होतं आणि मावशीला ताप होता. त्या दिवशी मावशी अंथरुणात पडल्या पडल्या इतकी हसली की ताप उतरला.

फक्त गुरुवारचं काही जमलं नाही. पहिल्या वर्षी परात नेत्रापाशी आली तेव्हा तिला एकाएकी वर शिजत ठेवलेला भात आठवला. दुसऱ्या वर्षी नागपूरहून फोन आला, म्हणजे ती म्हणाली की आला. पुढच्या वर्षी दिवस गेले होते, तेव्हा मावशीनंच सोडून दिलं. त्याच्या पुढच्या वर्षी लेक मांडीवर गाढ झोपली होती, ती बरोब्बर परातीच्या वेळेला टाहो फोडून उठली. चिमटा कुणी काढला ते मावशीनं डोळ्यांनी बघितलं होतं. आणि दोन हजार सहाला तर बाई घोट्यापर्यंत नाड्यांचे बूट घालून आली, नाडीला सात गाठी. मावशीनं तीन गाठी सोडल्या आणि हात टेकले.

दोन हजार सातच्या जानेवारीत मावशीचा डावा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, नवा बसवू, सोळा एप्रिलला, ईस्टर झाल्यावर. आणि नंतर तीन महिने गाडी नाही, जिना नाही. तळघराला तेरा पायऱ्या. मावशीला ऑपरेशनची भीती नव्हती, तिनं असले गुडघे ढिगानं बघितले होते. भीती होती ती सभेची. तीन महिने बंद पडलेली सभा पुन्हा उभी राहत नाही, हे तिनं इतर गावांत पाहिलं होतं. पोरं इंग्रजी चर्चला जातात, मोठे टीव्ही बघतात, आणि मराठी गाणं संपतं. सव्वीस वर्षांची सभा आपल्या एका गुडघ्यापायी बुडायची, हा विचार तिला झोपू देईना.

तिनं नेत्राला नेमलं. विचारलं नाही, नेमलं. वर एक वहीही लिहून काढली. खुर्च्या कशा मांडायच्या, कुठली पायरी करकरते, छोले किती तास भिजवायचे, राजेशला किती वेळ बोलू द्यायचं, पहिली ओळ कुठल्या सुरात उचलायची, चौऱ्याऐंशी पानं. फेब्रुवारीतली सभा उरकल्यावर तिनं ती वही नेत्राच्या हातात दिली, मोठ्या थाटात. नेत्रानं चार पानं उलटली आणि वही टेबलावर ठेवली.

"मला नाही जमणार, मावशी. हे सगळं तुम्हाला येते. मला फक्त तुमच्या मागं मागं चालता येते."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग पाच वर्षं माझ्याजवळ काय करत होतीस?"

"बसून राहिली होती," नेत्रा म्हणाली. "तुम्हीच बसवून ठेवलं ना. कधी काही करू दिलं तुम्ही?"

मावशीला हे तोंडात मारल्यासारखं लागलं. ती पुष्कळ बोलली, आणि त्यात कृतघ्न हा शब्दही येऊन गेला. नेत्रा रडत गेली. मार्चच्या सभेला ती उशिरा आली, शेवटच्या खुर्चीवर बसली, पाय खुर्चीखाली ओढून घेतले, आणि पुऱ्यांच्या आधी निघून गेली.

मावशीनं घर डोक्यावर घेतलं. आठवडाभर ती काकांना ऐकवत होती. या पोरीला काडीचा आधार घेता येत नाही. लेक झाली तेव्हा आठव्या दिवशी उठून पाहुण्यांना पोळ्या लाटत होती, आपण आणलेलं सूप आपल्यालाच वाढत होती. ताप असला तरी सांगणार नाही. कुणाचा हात धरणार नाही. पाय पुढं करणार नाही. असल्या माणसाच्या हातात सभा द्यायची तरी कशी?

मोरेश्वरकाका पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. ते पेपर खाली ठेवत नसत, म्हणून मावशी थांबली.

"सुवर्णे," ते म्हणाले, "तू आत्ता कुणाचं वर्णन केलंस?"

मावशीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती खुर्चीत बसली.

काका त्या दिवशी आठवड्याची वाक्यं एकदम बोलले. म्हणाले, पोरगी तंतोतंत तुझ्यासारखी झालीय, तू तिला शिकवलंस तेच ती शिकली. द्यायला सगळ्यांना शिकवलंस. घ्यायला कुणाला शिकवलंस का? प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, हे तू पंचवीस वर्षं सांगतेस. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात एका बाईनं भर पंगतीत त्याच्या पायांना सुगंधी तेल लावलं, आपल्या केसांनी पुसले. लोक नाकं मुरडत होते, आणि त्यानं पाय मागं घेतले नाहीत. बसून राहिला. तिला करू दिलं. ते उदाहरण तू का गाळलंस?

आणि मग, पेपर पुन्हा उचलता उचलता, त्यांनी शेवटचं सांगितलं. "दर वर्षी मी टॉवेल घेऊन तुझ्या मागं उभा असतो. सगळ्यांचे पाय झाले की वाटतं, आता ही बसेल. तू परात घेऊन वर निघून जातेस."

मावशीला रडू आलं. तिला रडायची सवय नव्हती, त्यामुळं ते शिंकेसारखं आलं. इतकी वर्षं ती त्या टॉवेलला नुसता टॉवेल समजत होती. तो धरून उभा राहिलेला माणूस कशाची वाट बघतोय, हे तिनं एकदाही वळून बघितलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण तिनं हजारदा लोकांना ऐकवली होती. पाय कोरडे कुणाचे होते? तिचेच.

पाच एप्रिलला गुरुवार होता. वसंत ऋतू कॅलेंडरवर आला होता, बाहेर बर्फाचे कण उडत होते. मावशीनं नेत्राला फोन करून एवढंच सांगितलं की यायचंय, आणि निमिषलाही आण, उचलायला माणूस लागेल. काय उचलायचंय ते सांगितलं नाही.

उचलायचं होतं मावशीला! गुडघा आता एक पायरीही उतरू देत नव्हता. तिनं स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून जाहीर केलं की मला खाली न्या. राजेशनं एका बाजूनं धरलं, निमिषनं दुसऱ्या बाजूनं, आणि खुर्ची जिन्यात शिरली. मावशीच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला उचलत होतं, आणि तोंड काही तिचं मिटत नव्हतं. लेफ्ट घे, लेफ्ट, तुझं लेफ्ट नव्हे माझं लेफ्ट. भिंत आली, ब्रेक मार. करकरणारी पायरी आली तेव्हा खुर्ची तिरपी झाली, मावशीनं राजेशचे केस मुठीत धरले, आणि राजेश म्हणाला, मावशी, आता क्षमा. खाली उभी असलेली माणसं हसून हसून भिंतीला टेकली. खुर्ची जमिनीवर टेकली तेव्हा मावशीचा पदर कुठं, चष्मा कुठं, आणि तरीही तिला वाटलं, अरे, हे तर मजेचं आहे.

मग गाणं झालं, वाचन झालं, आणि परातीची वेळ आली. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मावशीला तर वाकता येत नाही. काहींच्या तोंडावर सुटकेचा आनंद स्पष्ट दिसत होता. टॉयलेटच्या दिशेनं निघालेला एक जण परत येऊन बसला.

मावशीनं घसा खाकरला. "यंदा मी धुणार नाही," ती म्हणाली. "यंदा माझे पाय धुवायचेत. नेत्रा, ये."

नेत्रा शेवटच्या खुर्चीवरून उठली. लाल खुणेची परात तिनं उचलली, गरम पाणी घेतलं, हातानं तपासलं, आणि मावशीसमोर गुडघ्यांवर बसली. मोरेश्वरकाका टॉवेल घेऊन नेहमीच्या जागी उभे राहिले. मावशीनं मोजे काढले. एकतीस वर्षं वॉर्डात उभे राहिलेले पाय. घट्टे पडलेले, अंगठे वाकडे झालेले. ते लोकांनी बघावेत असं तिला कधीच वाटलं नव्हतं. तिनं डोळे मिटले, दात आवळले, आणि प्रभूला मनात म्हणाली की एवढी पाच मिनिटं मला बाईमाणसासारखं वागू दे.

प्रभूनं ऐकलं नाही. नेत्राचा ओला हात तळपायाला लागला मात्र, मावशीच्या तोंडून जो आवाज निघाला तसला त्या घरात कुणी ऐकला नव्हता. ती किंचाळली. डावा पाय आजारी म्हणून तो गप्प राहिला, पण उजव्यानं अशी लाथ मारली की परात उडाली, सगळं पाणी नेत्राच्या डोक्यावर, आणि परात ठणठणत जाऊन पेटीवर आदळली. मावशी खिंकाळत होती, पोट धरून मागं झुकत होती, नको गं, नको गं, अगं थांब, अगं थांबू नकोस, असं काहीच्या बाही बोलत होती. नेत्रा डोक्यावरून निथळत क्षणभर बघत राहिली. तिला कळलं. पाच वर्षं तिनं ज्या बाईला देवासारखं मानलं, जिच्यासारखं आपल्याला कधी होता येणार नाही म्हणून कुढत राहिली, तिला गुदगुल्या होतात! नेत्रा फस्सकन हसली आणि मग तिला आवरेना. पळून जाणारा पाय तिनं दोन्ही हातांनी पकडला, थेट मावशीच्या वॉर्डातल्या पकडीनं, राजेशनं नवीन पाणी आणलं, आणि अख्ख्या सभेच्या हसण्याच्या गोंधळात नेत्रानं दोन्ही पाय धुतले, बोटाबोटांतून, घट्ट्यांवरून, घाई न करता.

काका पुढं आले. त्यांनी पाय पुसले. पंचवीस वर्षांचा टॉवेल होता तो, म्हणजे टॉवेल नवा असेल, पण माणूस तोच. पुसता पुसता त्यांचे डोळे ओले झाले, आणि ते त्यांनी त्याच टॉवेलनं पुसले.

हसणं ओसरलं. मावशीनं डोळे टिपले, चष्मा लावला, आणि म्हणाली, "आता तुझे."

नेत्राचं हसू गेलं. ती उठायला लागली. म्हणाली, मावशी, तुम्हाला वाकता नाही येत, राहू द्या. भात बघून येते.

"भात झालाय. मला वाकता येत नाही हे खरंय. तू पाय माझ्या मांडीवर ठेव."

थोरल्या बाईच्या मांडीवर पाय! नेत्राचा चेहरा कावराबावरा झाला. "नको, मावशी," ती कशीबशी म्हणाली. "मला पाप लागीन."

"मला लाज वाटत होती, तरी मी दिले ना?" मावशी हळू आवाजात म्हणाली. "तू माझ्यासारखी झालीस, नेत्रा. तिथं माझी चूक झाली. आता दोघी मिळून सुधारू."

नेत्रा समोरच्या खुर्चीवर बसली. या वर्षी बुटांना गाठी नव्हत्या. कदाचित घरून निघतानाच तिच्या मनानं काही ठरवलं असेल. तिनं आधी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि डोळे गच्च मिटून ते मावशीच्या मांडीवर ठेवले. मावशीनं ते हातात घेतले. तेच पाय, ओहेअरवर निळे पडलेले. त्या दिवशी मोजे घालू दिले नव्हते त्यांनी. मावशीची साडी भिजत होती, आणि तिला इतका आनंद होत होता की तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. तिनं ओंजळीनं पाणी घातलं. नेत्रा रडत होती, हसतही होती, आणि तिच्या लेकीनं मोठ्यानं विचारलं, "Mommy, is it my turn next?"

नेत्रा उठली ती ओल्या पावलांनीच. कुणी सांगितलं नाही, तरी तिनं पहिली ओळ उचलली. उचलली ती इतक्या वरच्या पट्टीत की पुरुषांचे गळे ताणले गेले. मावशीचं तोंड उघडलं. तिनं काकांकडं पाहिलं, आणि तोंड त्याच वरच्या सुरात गाण्यासाठी वापरलं.

सोळा तारखेला नवा गुडघा बसला. मेच्या दुसऱ्या शनिवारी मावशी वर दिवाणखान्यात पाय स्टुलावर ठेवून बसली होती. चौऱ्याऐंशी पानांची वही शेल्फात होती, नेत्रानं ती मागितलीच नव्हती. खालून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते, आणि खुर्च्या साफ चुकीच्या बाजूला सरकत होत्या, हे मावशीला वरूनही कळत होतं. संध्या नावाची एक नवी मुलगी आली होती, पुण्याची, येऊन तीन आठवडे झालेली. दारातून आत येताना ती इतकी लाजत होती की मावशीला जुनी नेत्रा आठवली. आता नेत्रा तिला बसवणार, आपण बसवलं तसं, असं वाटून मावशीनं कान टवकारले.

"बसतेस कुठं?" खालून नेत्राचा आवाज आला. "हे पीठ मळून दे मला. आणि पहिली ओळ आज तूच उचल. चुकली तर चुकली, मी आहे ना."

मग एक बारीक, घाबरलेला, भलत्याच सुरातला आवाज वर चढत आला, आणि त्याच्या मागून तीस माणसांचा. मावशीनं काठी घेतली, मग परत ठेवली. पोरगी आपल्यापुढं गेली होती. गुरूनं बसवून ठेवलं, चेली उठवून उभं करत होती. मावशीला एवढं हसू आलं की नवा गुडघा हलला.

मोरेश्वरकाका स्वयंपाकघरातून आले. हातात कप होता, बशीत सांडलेला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा केलेला चहा. आलं विसरलेलं, साखर दुप्पट, आणि दूध उतू गेल्याचा वास घरभर. मावशीनं कप घेतला. काका समोर उभे राहून तिच्या तोंडाकडं बघत होते, आणि खाली पुण्याची मुलगी दुसऱ्या कडव्याला लागली होती. मावशीनं चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि म्हणाली, उद्या पण तुम्हीच करा.